चाकरमान्याचे घर आणि आमचे ठराव

कोकणातील आपल्या पक्षाच्या मेळाव्यांत गेली काही वर्षे एक ठराव ठरल्याप्रमाणे येतो. रस्ते, वीज, आरोग्यकेंद्रे यांविषयीचे ठराव संपून जेवणाची वेळ जवळ आली, की कोणी ज्येष्ठ कार्यकर्ते उठतात आणि ‘कोकणवासीयांनी आपली वडिलोपार्जित घरे व जमिनी बाहेरच्या धनिकांस विकू नयेत’ असे आवाहन सभेपुढे मांडतात. अनुमोदन मिळते, हात वर होतात, ठराव एकमताने संमत होतो. मीही या ठरावाच्या बाजूने तीनदा हात वर केला आहे. चौथ्यांदा करणार नाही, आणि का करणार नाही हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

गेल्या मेळाव्यात माझ्या शेजारी गिरणीतून बाहेर पडलेले एक जुने साथी बसले होते. हयात लालबागेत गेली, आता मुक्काम नालासोपाऱ्यास मुलाकडे. त्यांनीही हात वर केला. परतताना एस.टी.त त्यांनी सांगितले की गावच्या घरातील आपल्या हिश्श्याचा बयाणा त्यांनी घेतलेला आहे. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, ‘ठराव बरोबरच आहे हो. पण छपराला पैसे कोण देणार, ते ठरावात नाही.’

या एका वाक्याला उत्तर देण्याची आमच्या ठरावांची तयारी नाही. ज्या ठरावाला सभेत एकही विरोधक मिळत नाही तो बहुधा कोणाच्याच हितसंबंधाला हात लावीत नसतो. विक्रेत्यास तो लाजवितो, खरेदीदारास ऐकूही जात नाही, दलालाचे तर त्यावाचून काहीच अडत नाही. समाजवादी म्हणविणाऱ्या पक्षाने अशा नैतिक उपदेशावर समाधान मानावे, ही आपल्या वैचारिक आळसाची खूण आहे.

हे घर मुळात उभे कसे राहिले, ते आधी पाहू. रत्नागिरी जिल्ह्यातील कुणबी, मराठा, भंडारी, महार कुटुंबांतील कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत, पोलिसांत गेला तो हौसेने नव्हे. पिकाचा वाटा खोताच्या घरी पोचता करून उरलेल्या भातावर कुटुंबाचे वर्ष निघत नव्हते. त्या खोतीविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून वर्षानुवर्षे संप चालविला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. खोती कायद्याने संपायला मात्र १९४९ साल उजाडावे लागले, आणि तोपर्यंत दोन-तीन पिढ्या बोटीने मुंबईस गेल्या होत्या. गावी राहिली ती बाई. तिने नाचणी पेरली, म्हातारी माणसे सांभाळली, मुले वाढविली, गुरे राखली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. आपले काही वक्ते हा आकडा कोकणच्या पुरोगामित्वाचा दाखला म्हणून टाळ्यांसाठी वापरतात. वस्तुतः तो रिकाम्या ओट्यांचा आकडा आहे.

चाकरमान्याच्या मनीऑर्डरीतून चिऱ्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, गवताच्या जागी कौले आली, एखाद्या वर्षीच्या बोनसातून पडवी निघाली. म्हणजे हे घर गिरणीतील रात्रपाळीचेच साठविलेले श्रम होते. मग १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतील फार मोठ्या संख्येला पुन्हा कधी आत जाता आले नाही. संपाच्या काळात याच घरांनी कामगारांना पोसले. मुंबईत चूल पेटेना तेव्हा बायका-मुले गावी आली आणि घरच्या तांदळावर जगली. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठले, आणि कामगारांची मुले विरार, दिवा, बदलापूर अशी रेल्वेच्या टोकाटोकांस फेकली गेली. ज्या घराने संप लढविला, त्याच घरावर आता त्या मुलांच्या खोलीच्या कर्जाचे हप्ते फेडण्याची पाळी आली आहे.

कोकणातले घर बंद ठेवता येत नाही, हे देशावरच्या वाचकाला मुद्दाम सांगावे लागते. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणारे कौलारू छप्पर दर वर्षी परतावे लागते. एक कौल सरकले की वासा भिजतो, वासा भिजला की वाळवी लागते, आणि दोन पावसाळ्यांत माजघरात आभाळ दिसते. कौले परतणारा गडी आता मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी नालासोपाऱ्याच्या पेन्शनीत बसत नाही. गणपतीचे पाच दिवस आणि शिमग्याचे चार, एवढ्यासाठी हा खर्च कोण करणार? २००१ ते २०११ या दशकात देशाची लोकसंख्या वाढत असता रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. माणसे गेलेल्या मुलखात घरे उभी राहावीत असे आवाहन करणे म्हणजे प्रेताला व्यायाम सुचविणे होय. कोकणाने मुंबईला आधी माणूस दिला, मग आंबा नि मासळी दिली, आता घराखालची जमीन देत आहे. तिन्ही व्यवहारांत भाव मुंबईनेच ठरविला.

‘जमीन ही आई, आईला विकू नये’ हे वाक्य व्यासपीठावरून टाळ्या घेते. ते बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पुण्यात किंवा ठाण्यात स्वतःचे बिऱ्हाड असते, आणि गावचे घर कोणी विधवा काकू विनामोबदला झाडून-सारवून ठेवीत असते. आईचे रूपक वापरायचेच असेल तर त्या काकूच्या पोटापाण्याची चौकशी आधी व्हावी.

विकणाऱ्याची ही बाजू मी इतकी मांडली, याचा अर्थ ‘माझे घर, माझा भाव, मध्ये बोलणारे तुम्ही कोण’ हा युक्तिवाद मला मान्य आहे असा कोणी घेऊ नये. तो तर उपदेशाहूनही वाईट आहे, कारण तो खोट्या पायावर उभा आहे. कोकणातले घर एकाचे असते कोठे? सातबारा उघडून पाहा. पणजोबांच्या नावाखाली वीस-पंचवीस वारस, त्यांतले निम्मे मयत, निम्म्यांचा पत्ता नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर एकाच्या नावे, खालची जमीन दुसऱ्याच्या, घरपट्टी भरणारा तिसराच. पडवीत पुतण्याचे बिऱ्हाड. परड्यातील विहिरीवर अर्धी वाडी पाणी भरते. खळ्याच्या कडेने गेलेली पाणंद शाळेला, स्मशानाला, नदीला जाते. यांतले कशाचेच कागद नसतात. त्याची गरज पडली नव्हती, कारण विकण्याचा प्रश्न कधी आला नव्हता.

आणि बहिणी? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलीला वारसा मिळाला, पण कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार मिळाला नाही. ती मनाई २००५ च्या दुरुस्तीने गेली, आणि त्याच दुरुस्तीने मुलगी मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद झाली. महाराष्ट्राने त्याआधी १९९४ साली हे पाऊल टाकले होते, मात्र लग्न होऊन गेलेल्या मुलींना त्यातून वगळून. कायदा इतका पुढे आला. गावात मात्र भावाबहिणीचा कायदा वेगळा चालतो. गणपतीला माहेरी आलेल्या बहिणीसमोर आरतीनंतर हक्कसोडपत्राचा कागद येतो. ‘तुला काय कमी आहे, दादाचे घर तुझेच’ असे म्हणत अंगठा किंवा सही घेतली जाते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. वर्ष-दोन वर्षांत त्या घराचे खरेदीखत होते आणि तुटू नये म्हणून सही केलेले माहेर त्याच सहीने विकले जाते. हे आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांतही घडले आहे. स्त्रीमुक्तीच्या परिसंवादांत वर्षानुवर्षे बोलणाऱ्या माणसांच्या कपाटांत अशी हक्कसोडपत्रे आहेत, हे मी जबाबदारीने लिहितो.

दलालाची पद्धत आता सर्वांस ठाऊक आहे. तो गावात येत नाही, कांदिवलीच्या किंवा डोंबिवलीच्या खोलीवर जातो. तेथील सर्वांत अडचणीतला हिस्सेदार शोधतो, कुळमुखत्यारपत्र करून घेतो, आणि अविभक्त हिश्श्याचा व्यवहार करतो. केवळ कुळमुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा घेणाऱ्या परक्यास सामायिक ताब्याचा हक्क मिळत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४४ वे कलम सांगते. वारसांपैकी एकजण आपला हिस्सा विकू लागला तर इतर वारसांस तो घेण्याचा अग्रहक्क आहे, असे वारसा कायद्याच्या २२ व्या कलमात आहे. एवढे सगळे असताना घरे जातात कशी? कारण कलम वापरायला दिवाणी न्यायालयात उभे राहावे लागते, आणि पडवीतल्या बाईला तालुक्याच्या वकिलाची फी परवडत नाही. त्या तालुक्यात आपली शाखा असते, कार्यालयावर फलक असतो, आणि तिला तेथे जाण्याचे सुचत नाही. आम्ही तिच्या उपयोगाचे आहोत अशी समजूत आम्ही करून दिली असती तर तिला ते सुचले असते.

खरेदीखत झाल्यावर काय होते? प्रथम जेसीबी येतो. गडगे पाडून तारेचे कुंपण पडते. विहीर आत जाते आणि पाणंदीला फाटक लागते. शाळेत जाणारी मुले महामार्गाच्या कडेने चालू लागतात. घर बहुधा पाडले जात नाही. त्याला चुना लावून, ओटीवर झोपाळा टांगून, ‘अस्सल कोकणी घरातील निवास’ म्हणून ते भाड्याने मिळते. जी बाई तेथे सून म्हणून सारवीत होती ती आता रोजावर सारवते. काहींना यात रोजगारनिर्मिती दिसते!

आता ‘बाहेरचा’ या शब्दाकडे वळू. आमच्या ठरावात तो शब्द असतो आणि अर्थ मोकळा सोडलेला असतो. बोलणाऱ्यांच्या मनात अमुक प्रांताचे, अमुक भाषेचे धनिक असतात. या वाटेने गेलो तर आपण त्या पक्षांच्या अंगणात जाऊन पोचू, ज्यांनी भूमिपुत्राच्या नावाने मते घेतली आणि भूमीचे व्यवहार शांतपणे होऊ दिले. पुण्याचा मराठी बिल्डर या घराला जेवढा बाहेरचा आहे तेवढाच अहमदाबादचा. तीस वर्षे गावच्या आंब्याची राखण करणारा नेपाळी गुरखा त्या दोघांहून आतला आहे. आणि गावाच्या आतले म्हणजे कोण, हे आमच्याच माणसांना विचारले की उत्तर फार अडखळत येते. ज्या साथींच्या घराचा मी उल्लेख केला, त्या घराविषयी त्याच गावच्या बौद्धवाडीतील एका कुटुंबाने विचारणा केली होती. नवरा गवंडी, बायको अंगणवाडी सेविका, चार माणसे एका खोलीत. त्यांना घर हवे होते ते राहण्यासाठी. भाऊबंद जमले आणि ‘देवघर आहे, वाडीचा विषय आहे’ म्हणून नकार गेला. मुंबईहून गाडीतून आलेल्या गुंतवणूकदारास त्याची जात विचारण्याचे कोणालाही सुचले नाही. तो तर बाहेरचाच होता, आणि बाहेरच्याला विकू नये हा ठराव याच भाऊबंदांपैकी एकाने तालुका मेळाव्यात मांडला होता! आपल्या ठरावाची सारी लक्तरे या एका घरात वाळत पडलेली आहेत.

कोणी म्हणेल, शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाने बंदी आहे, ती कडक केली की झाले. हिमाचल प्रदेशाने १९७२ च्या कायद्यातील ११८ व्या कलमाने बिगरशेतकऱ्यास अशीच अट घातली आणि तिचा तेथे काही उपयोग झाला. पण आपल्याकडे औद्योगिक वापरासाठी १९९४ साली या भिंतीला दार पाडले गेले, आणि खोटा शेतकरी दाखला ही तर दलालाची हातचलाखी. शिवाय ही बंदी विकत घेणाऱ्याचा केवळ व्यवसाय तपासते. जागेची गरज गावात कोणाला आहे हे ती विचारत नाही. नाणार परिसरात प्रकल्पाची वार्ता पसरू लागताच जमिनी झपाट्याने हस्तांतरित झाल्याचे गावकऱ्यांनी तेव्हाच ओरडून सांगितले होते. २०१९ साली तेथील भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. खरेदीखते कोणी रद्द केली नाहीत.

गंमत अशी, की जे आम्ही शोधत आहोत ते आमच्याच पूर्वसूरींच्या काळात कायद्यात लिहिले गेले होते. १९४८ च्या कुळकायद्याच्या १७ व्या कलमाने, मालकाच्या जागेवर कुळाने घर बांधलेले असेल आणि मालक ती जागा विकणार असेल, तर न्यायाधिकरण ठरवील त्या किमतीस ती घेण्याची पहिली संधी कुळाला दिली. ६४ व्या कलमाने, जमीनमालक विकावयास निघाल्यास रास्त किंमत न्यायाधिकरणाने ठरवावी आणि देकार कोणास आधी द्यावा याचा क्रम असावा, अशी तरतूद केली. राहत्या घराच्या बाबतीत तो क्रम आधी त्यातील कुळाचा, मग गावात राहणाऱ्या पण घर नसलेल्या माणसाचा असा होता. असे अनेक असतील तर जिल्हाधिकाऱ्याने शेतमजूर, कारागीर इत्यादींची गरज पाहावी, असेही त्यात होते. मालक आणि कुळ यांच्या चौकटीसाठी केलेले हे कलम. घर विकताना ‘गावात बेघर कोण’ हा पहिला प्रश्न असला पाहिजे, हे तत्त्व त्यात स्वच्छ आहे. शेजारच्या गोव्यात १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीवरील घरात राहणाऱ्यास निष्कासनापासून संरक्षण दिले. त्यामागेही हीच दृष्टी आहे. ६४ व्या कलमाचा उल्लेख गेल्या तीस वर्षांत आपल्या एकाही व्यासपीठावरून माझ्या कानी आलेला नाही.

तेव्हा मागणी करायची तर ही करावी: गावाबाहेर वास्तव्य असलेल्या मालकाने घर व त्यालगतची जमीन विकण्याचा इरादा ग्रामसभेत तीन महिने आधी वाचून दाखवावा. विहीर व पाणंद यांवरील वहिवाट त्याच वेळी नोंदली जावी. घरात प्रत्यक्ष राहणारे, मग गावातील बेघर, मग ग्रामस्थांची सहकारी संस्था, या क्रमाने रास्त किमतीस देकार जावा, आणि कोणीच न घेतल्यास व्यवहार मोकळा व्हावा. जातीच्या कारणाने देकार नाकारणाऱ्यास नंतर बाहेरच्याला विकता येऊ नये.

रास्त किंमत म्हटली की आपलेच साथी चिडतात, हे मला ठाऊक आहे. ‘आयुष्यभर राबलेल्या कामगाराला बाजारभाव मिळू लागला तर तुम्ही त्याचा हात धरता?’ प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तरही तसेच असावे. त्या भावातला मोठा भाग त्याच्या श्रमाचा नाही. घर त्याने बांधले, पण भाव वाढला तो कोकण रेल्वेने, चौपदरी रस्त्याने, विमानतळाच्या वार्तेने. त्या रेल्वेसाठी नाथ पै आणि मधु दंडवते यांनी लोकसभेत वर्षानुवर्षे आवाज उठविला, शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, सार्वजनिक पैसा ओतला गेला, आणि १९९८ साली ती पूर्ण झाली. सर्वांनी मिळून वाढविलेले मूल्य एका सातबाऱ्याने आणि एका दलालाने वाटून घ्यावे, हे आपण शहरातील गिरणीमालकाच्या बाबतीत नाकारले. गिरण्यांच्या जमिनींविषयी एक न्याय आणि परड्याच्या जमिनीविषयी दुसरा, हे चालणार नाही. मात्र म्हाताऱ्या कामगाराने एकट्याने झीज सोसावी असेही मी म्हणत नाही. त्याला घराची व जमिनीची उचित किंमत रोख आणि लवकर मिळाली पाहिजे. त्यासाठी अशा व्यवहारांवरील मुद्रांक शुल्काचा वाटा स्थानिक खरेदीनिधीत जावा, आणि सहकारी बँकांनी गवंड्याला, अंगणवाडी सेविकेला जुन्या घरासाठी कर्ज द्यावे. मोटारीला कर्ज देताना त्यांचा हात थरथरत नाही, चिऱ्याच्या घरासाठी मात्र सामायिक सातबारा आडवा येतो.

कायदा होईल तेव्हा होईल. आज करण्याजोगे काम मुंबईत आहे. लालबाग-परळपासून विरारपर्यंत गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या आहेत, तेथे दर महिन्यास वर्गणी जमते, नमनाचे प्रयोग ठरतात. त्या बैठकांत आपल्या कार्यकर्त्यांनी बसून वाडीनिहाय नोंद करावी: घर कोणते, सातबाऱ्यावर नावे किती, बहिणींची नावे लागली की नाही, राहते कोण, विहीर कोणाची, विकण्याच्या विचारात कोण. ही नोंद आज दलालाजवळ आहे, आमच्याजवळ नाही.

उपरोक्त साथींच्या घराचे अजून खरेदीखत झालेले नाही, नोंदणीकृत साठेखतही नाही. पडवीत राहणाऱ्या त्यांच्या भावजयीने सही देण्यास नकार दिला आहे. बयाण्याची रक्कम परत करण्याची त्यांची तयारी आहे, पण ती मुलाच्या खोलीच्या हप्त्यात खर्च झाली आहे. गवंडी व त्याची पत्नी यांनी जमविलेले पैसे आणि बयाण्याची रक्कम यांत तफावत राहते. तेवढे कर्ज पक्षाच्या कार्यकर्त्यांनी जामीन राहून मिळवून द्यावे, आणि भाऊबंदांच्या बैठकीस जिल्हा समितीच्या दोघांनी यावे, असा लेखी अर्ज मी समितीकडे दिला आहे. येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत तो ‘आयत्या वेळचे विषय’ यांत, म्हणजे जमीन न विकण्याच्या ठरावानंतर, घातलेला दिसतो. तो ठरावाच्या आधी घ्यावा.